दीडशे ग्रॅमचा पायलट

"पण पहिल्यांदा तुम्हीच उडवाल ना, बाई?"

आवटीबाई थर्मासच्या झाकणात चहा ओतत होत्या. चहा ओतताना बोलायचं नाही, हा त्यांचा जुना नेम.

"म्हणजे मला उडवता येत नाही असं नाही," डॉक्टर सन्मती मगदूम म्हणाले. "पण तुमचा हात तो तुमचा हात."

"चहा घे," बाई म्हणाल्या.

सांगलीबाहेरच्या त्या माळावर दर रविवारी सकाळी सात-आठ माणसं रिमोटवर चालणारी विमानं घेऊन जमत. बाई त्यांच्या गुरू. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, अंगानं काटकुळ्या, साडीवर कॅनव्हासचे बूट घालणाऱ्या. तीस वर्षं त्यांनी एनसीसीच्या पोरापोरींना विमानांची मॉडेलं करायला शिकवलं होतं. माळावर पाऊल ठेवलं की त्या सगळ्यांना अरे-तुरे करत, मग समोर डॉक्टर असो नाहीतर ट्रॅक्टर गॅरेजवाला. कुणाला राग येत नसे. एरवी साहेब म्हणवून घेणाऱ्या माणसाला आठवड्यातून एकदा कुणीतरी नुसतं नावानं हाक मारावी, हे बरंच वाटतं.

मगदूम डॉक्टर दातांचे. हात इतका हलका की सुई टोचलेली पेशंटला कळत नाही, असं म्हणतात. म्हणजे डॉक्टर स्वतःच म्हणतात.

त्या हलक्या हातानं त्यांनी तीन वर्षं खपून एक विमान केलं होतं. दुसऱ्या महायुद्धातलं हरिकेन, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आपले वैमानिक उडवायचे ते. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच फूट. बाल्साच्या हलक्या लाकडाचा सांगाडा, वर हिरवा-तपकिरी रंग, आणि अंगभर साडेतीन हजार रिव्हेट. त्यातला एकेक रिव्हेट म्हणजे दात तपासायच्या टोच्यानं ठेवलेला डिंकाचा एकेक थेंब. दुपारी दवाखाना बंद असायचा त्या तीन तासांत हे काम चाले. घरच्यांनी बोलणं सोडून दिलं होतं.

आता ते विमान तयार होऊन सहा रविवार झाले होते. सहाही रविवारी ते गाडीतून माळावर आलं, गवतावर उभं राहिलं, सगळ्यांनी फोटो काढले आणि ते गाडीतून घरी गेलं. एकदा वारा जास्त होता. एकदा वारा अजिबात नव्हता. एकदा डॉक्टरांना बॅटरीचा रंग जरा वेगळा वाटला.

"डॉक्टर, आज तरी उडनार हाय का, का निस्तं दर्शनाला आनलंय?" रावसाहेब चौगुले दर रविवारी विचारायचे. ट्रॅक्टर गॅरेजवाले ते हेच. त्यांचं स्वतःचं विमान इतक्यांदा मोडून जोडलेलं होतं की मूळ विमान कुठलं आणि चिकटपट्टी कुठली, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

डॉक्टर हसण्यावारी न्यायचे. पण खरं सांगायचं तर ते घाबरले होते. बाईंचं थर्माकोलचं शिकाऊ विमान उडवण्यात ते वर्षभरात तरबेज झाले होते. थर्माकोलवर डॉक्टर वाघ होते. पण हरिकेन समोर आलं की रिमोट पेटीतच राहायचा. ते पडलं तर तीन वर्षं पडणार होती. आणि उडवलंच नाही, तर मग तीन वर्षं आपण नक्की केलं काय, हा प्रश्न रोज दुपारी दवाखान्यात त्यांच्यासमोर येऊन बसायचा.

म्हणून आज त्यांनी मनाशी ठरवून बाईंना गळ घातली होती.

डॉक्टरांनी चहा संपवला. झाकण पुसून परत दिलं.

"मग? उडवाल ना?"

"दुसऱ्याचं पहिलं उड्डाण मी कधी केलंय?"

"नाही केलं. पण..."

"उचल ते."

डॉक्टरांनी विमान उचललं. बाईंनी दोन्ही पंखांखाली एकेक बोट ठेवलं, ठरल्या जागी, पंखाच्या पुढच्या कडेपासून चार बोटं मागे. विमानाचा तोल असाच बघतात. बोटांवर ते सरळ राहिलं तर हवेत राहतं.

"सोड."

डॉक्टरांनी हात काढले.

विमानाची शेपटी हळूहळू खाली गेली. नाक आभाळाकडे लागलं.

शेपटी जड असलेलं विमान वर जातं खरं, पण पुढचं काही त्याच्या मालकाच्या हातात राहत नाही, हे माळावर सगळ्यांना ठाऊक होतं.

"मी मोजलं होतं," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता.

"कधी?"

"सांगाडा झाला तेव्हा..."

"त्यानंतर काय काय केलंस?"

डॉक्टर आठवू लागले. रंग. रिव्हेट. पितळेचं शेपटीचं चाक, तेही खऱ्यासारखं वळणारं. आतली घड्याळं. आणि...

"हरकत नाही," ते घाईनं म्हणाले आणि पेटी उघडू लागले. "शिसं आहे माझ्याकडे. नाकात आणखी पन्नास ग्रॅम टाकतो, झालं काम."

"आधीचं किती आहे?"

"दोनशे."

बाईंनी विमान पुन्हा गवतावर ठेवलं.

"जड विमान वेगानं उतरतं," त्या म्हणाल्या. "आणि वेगानं उतरलं की पाय मोडून घेतं. घालू नको. काढ."

"काय काढू? रंग काढू?"

बाई वाकल्या. पायलटच्या डोक्यावरची पारदर्शक काच मॅग्नेटवर बसवलेली होती. ती त्यांनी अलगद उचलली आणि आत बघितलं. बराच वेळ बघत राहिल्या. मग चौगुल्यांना खुणेनं बोलावलं.

चौगुले गुडघ्यांवर हात ठेवून वाकले.

"अरं तिच्या... हे तर डॉक्टरच बसल्यात की आत."

खरंच होतं ते. कंबरेपासून वरचा, वीतभरही नसलेला पायलट. डोक्याला कातडी टोपी, गळ्यात मफलर, तलवारकट मिशी, आणि मिशीखाली डॉक्टरांचं ते फोटोतलं हसू. दवाखान्यातल्या जाहिरातीत होतं तेच.

डॉक्टर कानापर्यंत लाल झाले.

"चेहरा बघून करायला दुसरं कुणी नव्हतं समोर," ते म्हणाले. "आरसा होता."

"कशाचा केलायस?"

"प्लास्टरचा. दातांचे साचे करतो त्या..."

"भरीव?"

डॉक्टरांनी मान डोलावली.

"वजन किती?"

"...दीडशे ग्रॅम."

दातांचा डॉक्टरच करू जाणे असली चूक. दुसरा कुणी असता तर थर्माकोलचं मुंडकं रंगवून मोकळा झाला असता. पण डॉक्टरांच्या हाताशी प्लास्टर होतं, आणि प्लास्टरमध्ये मिशीचा केसन् केस उठतो.

बाईंनी पायलटकडे बोट केलं.

"बाई, हे स्केल मॉडेल आहे," डॉक्टर कळवळून म्हणाले. "खुर्ची रिकामी ठेवून लढाऊ विमान उडताना कसं दिसेल?"

"उडताना दिसेल."

"पण..."

बाई उत्तराची वाट बघत बसल्या नाहीत. त्या थर्मासजवळ जाऊन सतरंजीवर बसल्या आणि बुटाची नाडी बांधू लागल्या.

डॉक्टर विमानापाशी उकिडवे बसले. पायलट ओढून बघितला. हलला नाही. हलणार कसा? दातावर टोपी बसवायला जे सिमेंट वापरतात, त्यानंच तो बसवला होता, आणि डॉक्टरांची टोपी वीस वर्षं निघत नाही, अशी ख्याती होती.

शेवटी त्यांनी पेटीतून पक्कड काढली. पायलटच्या खांद्यांना धरली. पुढे, मागे, पुढे, मागे... दाढ काढताना हलवतात तसं.

"डॉक्टर, आधी भूल तरी द्या की बिचाऱ्याला," चौगुले म्हणाले.

सगळा माळ हसला. डॉक्टरांनी न हसण्याचा फार प्रयत्न केला, पण पक्कड हातात, पक्कडीत आपणच, आणि समोर चौगुल्यांचा तो काळजीनं भरलेला चेहरा. त्यांना हसू आवरेना. हसता हसताच एक झटका बसला आणि पायलट मुळासकट बाहेर आला.

तळहातावर घेऊन डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं. मग पेटीत शिशाशेजारी ठेवून दिला.

विमान पुन्हा बोटांवर चढलं. या वेळी बोटं डॉक्टरांचीच होती. शेपटी किंचित हलली, नाक किंचित हललं, आणि विमान सोनाराच्या तराजूसारखं आडवं थांबलं.

"बाई..."

"वारा पूर्वेकडून आहे," बाई म्हणाल्या.

माळावरची एक रीत होती, बाईंनीच पाडलेली. कुणाचंही पहिलं उड्डाण असलं की बाकीच्यांनी आपापली विमानं खाली उतरवायची, ओळीनं उभं राहायचं आणि विमान परत जमिनीला टेकेपर्यंत तोंड उघडायचं नाही. डावीकडे घे, उजवीकडे घे, असं सांगायचं नाही. अगदी बाईंनीसुद्धा नाही.

सगळे ओळीनं उभे राहिले.

डॉक्टरांनी बॅटरी जोडली. शेपटी हलवून बघितली, पंखाच्या झडपा हलवून बघितल्या, परत एकदा बघितल्या. तिसऱ्यांदा बघायला लागले तेव्हा ओळीत कुणीतरी खाकरलं.

मग त्यांनी पुढचं काही ठरवलं असं नाही. रिमोटवरचा अंगठा पुढे गेला, एवढंच.

हरिकेन गवतावरून धावलं. दहा पावलं, वीस पावलं... डावीकडे ओढ घेऊ लागलं, आणि डॉक्टरांना कळायच्या आत त्यांच्या अंगठ्यानं ते सरळ केलं. शेपटी उचलली गेली. चाकं गवताच्या टोकांवरून नुसती फिरत राहिली.

आणि खाली काहीच राहिलं नाही.

ते गेलं. बाभळीवरून गेलं. टिटव्या ओरडत उठल्या, त्यांच्याही वरून गेलं. कोवळ्या उन्हात त्याचं पोट चमकलं. वळलं, आणि पंखाचा तो सगळा पसारा, खालच्या बाजूचे हवाई दलाच्या खुणेचे ते गोल, ती हिरवी-तपकिरी पाठ, तीन वर्षं टेबलावर वरून बघितलेलं सगळं डॉक्टरांनी पहिल्यांदाच खालून बघितलं. फार सुंदर होतं ते. इतकं सुंदर काही आपल्या हातून झालंय, हे त्यांच्या मनात आलंसुद्धा नाही.

परत येताना ते थेट त्यांच्याच अंगावर आलं. समोरून येणाऱ्या विमानाचं डावं-उजवं उलटं होतं, आणि तिथंच नवशिक्यांची विमानं पडतात. डावा पंख खाली गेला... आणखी खाली... माळावर चौगुल्यांनी डोळे मिटले. पण जो पंख खाली जातोय त्याच बाजूला डॉक्टरांचा अंगठा गेला, टेकू द्यावा तसा, आणि विमान सरळ होऊन त्यांच्या डोक्यावरून घोंगावत निघून गेलं. डॉक्टरांची उन्हाची टोपी उडाली. कुणी उचलली नाही.

एक फेरी. दुसरी. मग एकदा इतकं खालून की गवत वाकलं. मग लांब, माळाच्या टोकाच्या बागेपलीकडे, सुपारीएवढं होईपर्यंत. परत.

उतरताना ते टेकून एकदा उसळलं, दुसऱ्यांदा उसळलं, आणि तिसऱ्यांदा टेकलं ते टेकलं. घरंगळत जाऊन एका दगडापाशी तिरपं थांबलं.

त्यानंतर माळावर जो गलका झाला तो विचारू नका. चौगुल्यांनी डॉक्टरांना उचलून घेतलं, मग वजन लक्षात आल्यावर खाली ठेवलं. कुणीतरी बत्तासे काढले. डॉक्टर धावत सुटले, पन्नाशीला टेकलेला माणूस, एका पायातली चप्पल वाटेत सोडून. विमान दोन्ही हातांनी छातीशी धरून परत आले.

"डॉक्टर, पंखाला खरचटलंय," चौगुले म्हणाले. "रिव्हेटची एक आख्खी रांगच गेली बघा."

"गेली का?" डॉक्टर म्हणाले, आणि हसतच राहिले.

ते बाईंसमोर येऊन उभे राहिले. धाप लागली होती. डोळे भरले होते आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं.

"बाई, एक विचारू?"

"विचार."

"मला लिहून ठेवायचंय सगळं. विमानाची वही आहे माझी, पहिल्या दिवसापासूनची." त्यांनी श्वास घेतला. "पण वर ते डावं-उजवं उलटं झालं, तेव्हा मी काय केलं? पंख कसा सावरला? उतरताना ताकद कधी कमी केली? काही म्हणजे काही आठवत नाही... तुम्ही तर इथंच होतात. सांगा ना, मी काय करत होतो?"

बाईंनी थर्मासचं झाकण फिरवून घट्ट केलं. मग बाकीच्यांकडे बघितलं. सगळ्यांच्या माना अजून आखडलेल्या होत्या. दोघे-तिघे चोळत होते.

"कुणास ठाऊक, सन्मती," त्या म्हणाल्या. "आम्ही सगळे वर बघत होतो."