समुद्राची राखण

एका राज्यात समुद्र होता. खरं म्हणजे समुद्राच्या काठी राज्य होतं, पण तिथल्या राजाला ते उलटं वाटे, आणि राजाला वाटलं की झालंच, त्याला कोण सांगणार! राजाचं नाव धीरसेन. आईबाप लवकर गेलेले, मागे एक धाकटी बहीण, केतकावती. तिच्यावर त्याचा भारी जीव. तिला काटा टोचला तर हा राज्यातल्या साऱ्या बाभळी तोडायला निघे. हसू नका, पुढे तेच व्हायचं आहे.

केतकावतीला पोहण्याचं वेड. एके सकाळी राजघाटाच्या उथळ पाण्यात ती उतरली आणि तिथे मुशी आली. मुशी म्हणजे समुद्रातला सर्वांत दांडग्या दातांचा मासा. तिने राजकन्येचा डावा पाय गुडघ्याखाली नेला. कोळ्यांनी केतकावतीला बाहेर ओढलं, वैद्यांनी जगवलं, सुतारांनी सागवानी पाय करून दिला. राजाने डोळे पुसले आणि डांगोरा पिटवला: "दिसेल ती मुशी मारावी. राजकन्येच्या नावाने मारावी."

मग काय! भाला उचलला की शिकारी ओरडत, "केतकावतीच्या नावाने!" पहिली मुशी मेली आणि संध्याकाळी राजकन्येचं सागवान बोटभर वर चढलं. दुसरी मेली, गुडघा लाकडाचा झाला. राजाने मांत्रिकाला बोलावलं. कालजंघ त्याचं नाव, दाढीत गाठी मारायची त्याला सवय.

"हा मुश्यांचा शाप आहे, महाराज," कालजंघ म्हणाला. "तीन कामं करा. माझं मंतरलेलं जाळं खाडीच्या तोंडाशी बांधा. आतली एकूण एक मुशी मारा. आणि आडव्या खडकाखाली राहते ती थोरली मुशी, साऱ्यांची आई, तिला तुमच्या हाताने मारा. राजकन्या मोकळी होईल."

"तिन्ही करीन," राजा म्हणाला.

जाळं बांधलं. मंतरलेलं जाळं ते, आपपर जाणत नव्हतं. त्यात मुश्या अडकल्या, तशी कासवं अडकली, श्वासासाठी वर यायला धडपडून तिथेच मेली. किनाऱ्यावर पालथ्या पाठींची रांग लागली, वास राजवाड्यापर्यंत पोचला. लाकूड मांडीपर्यंत चढलं. मग दुसरं काम झालं, आतल्या मुश्या संपल्या, लाकूड कमरेला आलं. राजाला वाटलं, अजून कमी पडतंय.

आणि पाण्यात काय झालं म्हणता? मुश्यांचं खाणं म्हणजे पाकट मासे, ते चपटे, शेपटीत विषारी काटा असलेले. खाणारं कोणी उरलं नाही, पाकट मोकाट वाढले. त्यांनी तळाच्या तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, फस्त केल्या, बायका शिंपल्या वेचायला गेल्या त्या रिकाम्या टोपल्या घेऊन आल्या आणि वर पायांत काटे घेऊन आल्या. मुशीच्या भीतीतून सोडवलेल्या राजघाटावर आता पाय ठेवायला कोणी धजेना. घ्या! आगीतून उठून फुफाट्यात.

केतकावतीला बसता येईना. ती सज्जात खांबाला टेकून उभ्या उभ्या झोपे. लोक येत, हात जोडून सांगत, "बाईसाहेब, आज तुमच्यासाठी खाडीबाहेरच्याही मारल्या." ती म्हणे, "बरं." काय म्हणणार? कुणाच्या मायेला नको म्हणायचं, त्यालाही अंगात बळ लागतं, आणि तिच्या अंगात सागवान भरलं होतं.

एके दुपारी एक म्हातारा खंड्या उडत आला आणि तिच्या खांद्यावर बसला.

"अगो बाई, तू माणूस होय!" खंड्या दचकला. "मला वाटलं खांब."

"थोड्या दिवसांनी तेही खरं होईल," ती म्हणाली. "पक्षीबुवा, मुश्यांनी मला शाप का दिला?"

"मुश्यांना शाप येत नाहीत. त्यांना भूक तेवढी येते. तुझ्या नावाने जे जे मरतं, त्याचं ओझं तुझ्यात साचतं. तुझ्या दादाने राज्यावर बसताना शपथ कोणती घेतली?"

"समुद्राला राखण देईन, अशी."

"मग दिली का?"

"दिली की. आडव्या खडकावर पहारा बसवला."

खंड्या इतका हसला की खांद्यावरून घसरला. "पहारा! अगं, राखण देणं म्हणजे राखणदाराला त्याचा वाटा देणं. कोळ्याच्या पोराला विचार. तुझे वाडवडील पहिल्या जाळ्यातले मासे त्या खडकाशी पाण्यात सोडत. मुश्या तिथे येत, खात आणि खोल पाण्यात निघून जात. तुझ्या दादाने वाटा बंद केला आणि शिपाई बसवले. शिपायांची चूल कुठे होती?"

"राजघाटाच्या पायरीशी."

"आणि माशांची डोकी, आतडी?"

डोकी-आतडी तरंगणारं घाटाचं पाणी केतकावतीला आठवलं.

"मुशी वाट चुकली नव्हती," खंड्या म्हणाला. "तिला वाट दाखवली होती." आणि तो उडून गेला.

त्याच वेळी खाली शिंग वाजलं. राजा तिसऱ्या कामाला निघाला होता. लाकूड छातीला भिडलं होतं. थोरली मुशी मेली की ते काळजात शिरणार, हे केतकावतीला कोणी सांगायची गरज नव्हती. तिने सज्जाखालून होडी नेणाऱ्या पोसू नाखव्याला हाक मारली. "नाखवा, मला खडकाशी न्या."

"बाईसाहेब, तुम्हांला बसता येत नाही."

"मग आडवी न्या."

पोसूने तिला डोलकाठीसारखी होडीत आडवी घातली आणि वल्ही मारली.

खडकाशी राजा भाला उगारून उभा होता. समोरच्या पाण्यात थोरली मुशी वर आली होती, होडीहून लांब, अंगभर जुने व्रण. ती पळत नव्हती. तीही दमलेली दिसत होती.

पोसूने राजकन्येला होडीत उभी केली.

"केतके, मागे हो!" राजा ओरडला. "हिला मारलं की तू सुटलीस."

"हिला मारलं की मी संपले, दादा. राखण म्हणजे पहारा नव्हे." आणि तिने खंड्याचे शब्द जसेच्या तसे सांगितले. वाटा, शिपाई, चूल, आतडी.

राजाचा चेहरा पांढराफटक पडला.

"राखणीचा अर्थ मला ठाऊक नव्हता," तो म्हणाला. "पण चुलीचं ठाऊक होतं. तुझा पाय गेला त्याच दिवशी मी पायरीवरची आतडी पाहिली. चूल तिथे मांडा, हा हुकूम माझाच. मला शिक्षा कोण करणार, केतके? मी राजा."

"म्हणून मुश्यांना केलीत."

"म्हणून मुश्यांना केली."

तिला राग आला. असा आला की अंग मोकळं असतं तर तिने त्याला धक्का देऊन पाण्यात पाडला असता. मग इतका शिणवटा आला की रागालाही उभं राहवेना. "दादा," ती म्हणाली, "माझ्या पायाचं मी बघेन. माझं नाव तेवढं परत द्या."

धीरसेनाने समुद्राकडे तोंड केलं. "आजवर जे मारलं ते माझ्या नावाने मारलं. केतकावतीच्या नावाने काही नाही."

लाकूड उतरू लागलं. छाती मऊ झाली, कंबर वाकली, मांडी सुटली, गुडघ्याशी येऊन ते थांबलं. आणि राजाचा उजवा हात मनगटापासून बोटांपर्यंत सागवानाचा झाला. त्या बोटांतून भाला निसटला आणि तळाशी गेला. राजाने हाताकडे पाहिलं आणि मान हलवली. त्याला ते कबूल होतं.

केतकावती होडीच्या कडेवर वाकली. कितीतरी दिवसांनी वाकली! "आजी, माझा पाय?"

"खाल्लेलं परत देता येत नाही, मुली," थोरली मुशी म्हणाली. "मारलेलंही देता येत नाही. तू माझी लेकरं आणली नाहीस, मी तुझा पाय आणला नाही. यापुढे वाटा द्या." आणि ती खोल गेली.

जाळं सुटलं, कालजंघाला आपल्याच गाठी आपल्याच हातांनी सोडवाव्या लागल्या, तेव्हा कुठे त्याची दाढी सरळ झाली. पहिल्या जाळ्यातले मासे खडकाशी जाऊ लागले. घाटावर टेहळ्या बसला. मुश्या काठाजवळ येण्याच्या दिवसांत तो लाल निशाण लावी आणि तेवढे दिवस लोक पाण्यात उतरत नसत. चार दिवस पोहलं नाही म्हणून कोणी मेलं नाही. मुश्या मात्र लवकर परतल्या नाहीत. मुशीला पिल्लं थोडी होतात आणि उशिरा होतात. मारायला एक वर्ष पुरलं, भरून यायला धीरसेनाचं उरलेलं आयुष्य पुरलं नाही.

निशाण उतरलं त्या सकाळी केतकावती घाटावर आली. सागवानी पाय काढून तिने पायरीवर ठेवला.

"केतके, मुशी आली तर?" राजाने विचारलं.

"बाहेर येईन."

"आणि यायला उशीर झाला तर?"

ती पायरीवरून पाण्याकडे सरकली. भीती होतीच, ती काही कुठे गेली नव्हती. "तर रडा, दादा," ती म्हणाली. "पोटभर रडा. दुसरं काही करू नका."

आणि ती पाण्यात उतरली.

समुद्राचं समुद्राला पोचलं, माणसांचं माणसांना. कहाणी किनाऱ्याला लागली.