ताठ हातावरची होडी

एकदा एक वृद्ध गोंदणारी होती आणि तिची एक शिष्या होती. शिष्येचे नाव वेणू. गेली पाच वर्षे ती बाजाराच्या पारावर गुरूशेजारी बसून बायाबापड्यांचे हात गोंदून देत होती. कुणाच्या मनगटावर तुळस, कुणाच्या दंडावर मोर, कुणाच्या कपाळावर नुसता ठिपका. तिच्या स्वतःच्या अंगावर मात्र मोहरीएवढीही खूण नव्हती.

त्या घराण्याची रीतच तशी होती. शिकणाऱ्याचा हात पाच वर्षे कोरा ठेवायचा, कारण ज्याला स्वतःचेच गोंदण मिरवायचे असते तो गिऱ्हाइकाचे मन ऐकत नाही. पाच वर्षे पुरी झाली की पहिले गोंदण गुरूच्या हातचे. पण काय काढायचे ते शिष्याने एकट्याने ठरवायचे, आणि त्याने आपण होऊन विचारल्याशिवाय गुरूने त्याविषयी चकार शब्द काढायचा नाही. या रीतीचा शेवटचा भाग मला फार आवडतो. न विचारता सल्ला देण्याचा मोह आवरणारे गुरू आपल्याकडे जरा दुर्मीळच आहेत, आणि तो न आवरणाऱ्यांत मी स्वतःलाही धरतो.

वेणूची पाच वर्षे पौषात भरत होती, आणि दिवाळीपासूनच तिच्या जिवाला चैन नव्हते. भाकरी थापताना, अंगण सारवताना, गिऱ्हाइकाच्या हातावर सुई चालवतानासुद्धा तिच्या डोळ्यांपुढे एकच चित्र असे. जुन्या लुगड्याच्या हातभर लांब पट्टीवर तिने ते रेखाटले होते. खांद्यापासून मनगटापर्यंत वाहणारी नदी. दोन्ही काठांवर घाट, घाटावर धुणे आपटणाऱ्या बायका, एक वाकडा उंबर, उंबरावर बगळे आणि एका बगळ्याच्या चोचीत गवताची काडीसुद्धा. आणि मधोमध, जिथे बघणाऱ्याची नजर आधी जाईल तिथे, एक होडी. होडीत वल्हे मारणारा पुरुष आणि टोकाला पाय सोडून बसलेली लहान मुलगी.

तो पुरुष म्हणजे तिचा बाप. तो होडीतून लोकांना पैलतीरी पोहोचवायचा आणि लेकीला दिवसभर बरोबर न्यायचा. पुढे नदीवर पूल झाला, होडी काठावर पालथी पडली आणि दोन वर्षांत बापही गेला. त्याचे एकही चित्र घरात नव्हते. जे काय असणार होते ते आता वेणूच्या कातडीवर, जन्मभरासाठी.

आणखी एक गोष्ट होती. गुरूची, म्हणजे बायजाक्काची, दृष्टी मंदावत चालली होती. एवढे मोठे गोंदण म्हणजे पंधरा-वीस बैठकांचे काम. उन्हाळा आल्यावर तिला सुई दिसेल की नाही, हे तिचे तिलाच ठाऊक नव्हते. म्हणजे जे व्हायचे ते या थंडीतच व्हायला हवे होते.

शेजारी बांगड्या मांडून बसणाऱ्या कासाराने ती पट्टी पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"अगं, पहिलंच आहे ना तुझं? मग मनगटावर एक तुळस घे. सोसलं तर पुढचं पुढे बघू. एवढा हात रंगवल्यावर माझ्या बांगड्या कोण बघणार?"

"काका, तुमच्या बांगड्या फुटतात," वेणू हसून म्हणाली. "ही होडी फुटायची नाही."

ठरलेला दिवस उजाडला. वेणू पहाटेच न्हाऊन तयार. बायजाक्काने पट्टी डोळ्यांजवळ धरली आणि बोटाबोटाने सरकवत पूर्ण पाहिली. होडीपाशी तिचे बोट जरा जास्त वेळ थांबले.

"ठरलं?" तिने विचारले.

"ठरलं!"

"मला काही विचारायचंय का तुला?"

"काही नाही, आक्का. तुम्ही आता सुरू करा. मला धीर नाही."

बायजाक्काने मान डोलावली. तिने वेणूचा डावा हात पाटावर ताठ ठेवला, काजळ कालवले आणि बारीक काडीने चित्र उतरवायला घेतले. आधी काजळाची रेघ आणि मग तिच्यावरून सुई, ही नेहमीचीच पद्धत. ऊन पारावर येईपर्यंत ती रेखाटत होती. भोवती माणसे जमली. बगळा उमटला तशी एक बाई "अगंबाई!" म्हणून पुढे सरकली. वेणूने श्वास घेतला तोही बेताने. आपल्या हातावर आपली नदी वाहताना ती पहिल्यांदाच पाहत होती.

शेवटची रेघ झाली. बायजाक्काने सुयांची जुडी उचलली, फडक्यात गुंडाळली आणि डबीत ठेवून डबीला झाकण लावले.

"ऊठ," ती म्हणाली. "विहिरीवर जा. आपल्या घरचं पाणी भर, शेजारच्या दोन घरांचंही भर. दुपारच्या भाकरी तूच थाप. कासारणीचं बाळ घे जरा, ती कधीची दमलीय. दिवस मावळायच्या आत ये. हात मात्र धुऊ नकोस."

वेणू बघतच राहिली. पाच वर्षे वाट पाहायची, आणि ऐन वेळी पाणी भरायला जायचे?

"आक्का, सुई?"

"आधी पाणी."

ती निघाली तेव्हा कासार हळूच म्हणाला, "डोळे गेले गं म्हातारीचे. काडी चालते, सुई नाही चालायची. तुला तोंडावर कसं सांगणार ती?" हे बोलणे वेणूच्या काळजात काट्यासारखे घुसले. असेच असेल तर होडी कायमची राहूनच गेली. ती रागावली, घाबरली, आणि तशीच पाय आपटत विहिरीवर गेली.

दोर हाती घेतला आणि पहिली घागर ओढताना राग विसरून ती पुन्हा आपल्याच हाताकडे पाहू लागली. काय सुंदर दिसत होता! हात लांब झाला, दोर धरला, कोपर वाकला. आणि होडी नाहीशी झाली.

तिने हात सरळ केला. होडी वर आली. पुन्हा दोर ओढला. बापाचे डोके वल्ह्याला टेकले, मुलगी घडीत गेली, होडी बुडाली. घागर वर यायला दहा-बारा वेळा हात वाकवावा लागतो, आणि दर वेळी तिच्या डोळ्यांदेखत तिचा बाप पाण्याखाली जात होता. तिने डोळे मिटून बाकीचे पाणी भरले. भाकरी थापताना तेच झाले. दुपारी कासारणीचे बाळ तिच्या हातावर निजले तेव्हा त्याचे डोके नेमके कोपराच्या खळगीत विसावले. ते उठले तेव्हा त्याचा एक गाल काळाकुट्ट झाला होता. वेणूने आपला हात पाहिला. उंबर होता, बगळे होते, गवताची काडीसुद्धा होती. होडीच्या जागी मात्र काजळाचा नुसता डाग होता.

ती पाराकडे परतली ती डावा हात समोर ताठ धरून. येणारेजाणारे बाजूला होऊन तिला वाट देत होते.

"हात असा काठीसारखा का धरलायस?" बायजाक्काने विचारले.

"वाकवला की होडी बुडते."

"मग काय, जन्मभर अशीच हिंडणार?"

वेणू मटकन खाली बसली आणि रडू लागली. "बरं झालं सुई लावली नाहीत. चुकलंच माझं. काका म्हणत होते तेच बरं. मनगटावर एक तुळस काढा आणि सोडा." मग तिने डोळे पुसले आणि पाच वर्षांत कधी न काढलेला प्रश्न काढला. "आक्का, विचारू का?"

"सकाळपासून वाट बघतेय," म्हातारी म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला. "ऐक. पाच वर्षांत तू शेकडो हात बघितलेस. पण कसे बघितलेस? पाटावर ताठ ठेवलेले. आपल्यापुढे येतो तेव्हा हात काही काम करत नसतो, आणि हे गोंदणाऱ्याच्या ध्यानातच राहत नाही. मीसुद्धा तरुणपणी फसलेय. ठिपक्याला त्यानं काही होत नाही, तुळशीलाही नाही. नदीला होतं. तुझी हौस मोठी आहे, ती मोठीच राहू दे. मोठं काढायला भिऊ नकोस. फक्त ठरवताना तू पाटावरच्या हाताला विचारलंस. पाणी भरणाऱ्या, लेकरू घेणाऱ्या हाताला विचारायचं राहिलं. गोंदण त्याच्याबरोबर राहणार आहे."

"मग सकाळीच का नाही सांगितलंत?"

"रीत आहे. आणि सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं, म्हातारीला डोळ्यांमुळे जमत नाही म्हणून खोड काढतेय." कासाराने घाईघाईने बांगड्या पुसायला घेतल्या. "डोळे अधू झालेत, हे खरंच आहे. म्हणून तर चूक काजळात बघून घेतली. सुईतली चूक निस्तरायला माझ्यापाशी दुसरा हिवाळा नाही."

 वेणूने हात हळूच वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. खळगी मिटत होती, उघडत होती. आणि एकाएकी ती ओरडलीच.

"मासे! आक्का, कोपरात मासे काढू! ते बुडू देत ना, त्यांनी बुडायचंच असतं. हात उघडला की परत वर!"

"आणि होडी?"

वेणूने शेजारची भरली घागर उचलली. दंडाचा गोळा वर आला. ती त्याच्याकडे पाहत राहिली, मग तिचे डोळे चमकले. "इथे. ओझं उचललं की होडी लाटेवर चढेल!"

"चढेल," बायजाक्का म्हणाली. "पण होडी वर सरकली की नदी उगम पावणार कुठे? खांदा संपला."

"पाठीवर डोंगर!"

"अरे देवा," कासार म्हणाला, "हे तर वाढलंच!"

"वाढू दे," बायजाक्का म्हणाली आणि डबीचे झाकण उघडून तिने सुया बाहेर काढल्या. त्या दिवशी दिवस मावळायच्या आत, दोघींनी मिळून रेखाटलेल्या नव्या नदीवर पहिला ठिपका पडला. तो होडीच्या टोकाला, मुलीच्या पायापाशी होता. वेणूला लागले, आणि ती हसली.

आपल्या आयुष्यातल्या मोठ्या निर्णयांना घाबरून आपण त्यांना कापून लहान करतो, मनगटावरच्या तुळशीएवढे करतो. त्याऐवजी त्यांना एक दिवस विहिरीवर पाणी भरायला पाठवून पाहावे.

माघ सरता सरता काम पुरे झाले. गोंदणावर लावलेली हळद धुऊन निघाली त्या सकाळी वेणू विहिरीवर गेली, आणि मागे काठी टेकत बायजाक्काही गेली. म्हातारीला आता दहा पावलांवरचे नीट दिसत नव्हते. ती विहिरीच्या पायरीवर बसून दोराचा आवाज ऐकत होती. वेणूने स्वतःची घागर भरली, शेजारच्या घरांच्या भरल्या, न सांगता कासाराची भरली, आणि तरी तिचा हात थांबेना.

"काय गं," बायजाक्काने हाक मारली, "होडी काय करतेय?"

"चाललीय, आक्का," वेणू दोर ओढत म्हणाली. "बाबा वल्हं मारतायत."

म्हातारीने मान डोलावली आणि आपली रिकामी घागरही पुढे सरकवली.