साळूबाईचा वेढा

"गड म्हणजे दगड नव्हे, गड म्हणजे माणसं!" असं म्हणून राणोजीराजांनी दवंडी पिटवली, की करवंदगडावर जन्मणाऱ्या प्रत्येक बाळामागे आईबापांना तांब्याचा एक हंडा! खाडीपलीकडच्या राजाचा गडावर डोळा होता. माणसं वाढली की बळ वाढेल, मग कोणाची टाप आहे वर बघायची, असा राजांचा सरळ हिशेब.

मग काय! पाच-सात वर्षांत घरोघरी हंड्यांच्या उतरंडी लागल्या. राजेही मागे राहिले नाहीत, वाड्यावर नववा पाळणा हलत होता. हंडे कसे लखलखीत! पण ते भरायचे कशानं, हे कोणी विचारलं नाही. टाकं राजांच्या आजोबांच्या वेळचं, होतं तेवढंच. चैत्र सरला की त्यात नुसता चिखल. मग बायका भल्या पहाटे पायथ्याच्या झऱ्यावर उतरत आणि भरला हंडा डोईवर घेऊन कडा चढत.

साळूबाई सुईणीच्या हातावर अर्धा गड जन्मला होता, खुद्द राजेसुद्धा. एके दिवशी तिची सून, अजून बाळाचं बारसंही झालं नव्हतं, हंडा घेऊन चढताना भोवळ येऊन पायरीवर कोसळली. हंडा गडगडत दरीत गेला. पोर वाचली हे नशीब! साळूबाईचं मात्र डोकं फिरलं. ती तडक दरबारात गेली.

"महाराज, हंडे वाटणं पुरे. असंच चाललं तर गड जाईल तुमचा!"

"कोण घेईल?" राजे गरजले. "हजार माणसं आहेत माझी!"

"कोणीही घेईल. मीसुद्धा घेईन."

"तू? गुडघे धरून चालतेस आणि गड घेतेस?"

"चालायचं कशाला? बसून घेईन की!"

दरबारात खसखस पिकली. नेमकी तीच राजांना झोंबली.

"ठरलं! उद्या सूर्य मावळायच्या आत एकटीनं, हत्याराशिवाय गड घेऊन दाखव. नाही जमलं तर मुलगा, सून, नातू घेऊन गड उतरायचा. कायमचा!"

 या गडाखेरीज तिला जगात घर नव्हतं. पण जीभ कुठली माघार घ्यायला!

"चालेल. फक्त कोंबडं आरवायच्या आधी मला बाहेर काढा आणि दरवाजा लावून घ्या. तुमच्या शब्दाशिवाय तो उघडायचा नाही."

"आत हजार आणि बाहेर तू एकटी?"

"म्हणून तर सोपं आहे, महाराज!"

पहाटे दरवाजा धाडकन बंद झाला. साळूबाई काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. सुनेच्या उशाशी तेवढा एक हंडा भरून ठेवूनच ती निघाली होती. झऱ्याकाठच्या जांभळीखाली तिनं घोंगडी अंथरली आणि बसली.

ऊन वर आलं. राजे बुरुजावरून ओरडले, "काय गं साळू, लढाई कधी सुरू करतेस?"

"कधीच केली, महाराज! न्याहारी तेवढी करून घेते!" आणि तिनं भाकरीवर कांदा फोडला, वर ओंजळ ओंजळ गार पाणी प्याली. बुरुजावरच्या शिपायांनी एकदम आवंढा गिळला.

इकडे आत निराळीच गंमत. पाण्याला निघालेल्या बायका बंद दरवाजापाशी अडल्या. एकीमागे एक, लखलखीत हंड्यांची रांग थेट वाड्यापर्यंत गेली. पोरं रडू लागली. एक रडलं की दहा रडायची आणि दहा रडली की शंभर. टाक्यापाशी चिखल गाळण्यावरून दोघी जावा एकमेकींच्या झिंज्या उपटू लागल्या. ते सोडवायला पहारेकरी धावले, उरलेल्यांच्या कडेवर त्यांच्या बायकांनी पोरं देऊन टाकली. दुपारपर्यंत एकाही बुरुजावर भाला धरायला मोकळा हात उरला नाही.

वाड्यावरचे रांजणही खडखडीत. वाड्याला पाणी आणणारा पखालीचा रेडा बंद दरवाजापाशी उभा होता. प्रधानजी म्हणाले, "महाराज, आत्ताच्या आत्ता नवं टाकं खणायला घेऊ या!" तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्या प्रधानाकडे राणीसाहेबांनी असं पाहिलं, की तो खांबाआड गेला. मग नऊ पोरांची पलटण राजांपुढे उभी करून त्या म्हणाल्या, "यांना सांगा आता, आपला गड किती बळकट आहे ते!"

राजांनी मिशीला पीळ दिला, पण घशाला कोरड पडली होती. ताकाचा शेवटचा पेला धाकट्या राजकन्येनं कधीच गट्ट केला होता.

उन्हं कलायच्या आतच राजांचा आवाज आला, "अरे, उघडा तो दरवाजा!"

गर्दी झऱ्याकडे लोटली. त्या लोंढ्यातून उलटी वाट काढत साळूबाई वर आली आणि उंबरठ्यावर पाय रोवून म्हणाली, "घेतला गड, महाराज!"

"घेतलास कसला! मीच दरवाजा उघडला!"

"मग? वेढा घालणाऱ्याला आणखी काय हवं असतं?"

"पण तुझ्याकडे सैन्य कुठं होतं?"

"होतं की! गडावरच होतं. तुम्हीच जमवलंत, एकेक हंडा देऊन!"

 राजे असे खदखदून हसले, की पागोटं घसरलं. "साळू, हरलो! माग काय हवं ते. देऊ तुला एक हंडा?"

"नको गं बाई! आधी टाकं बांधा. ते भरलं की मग वाटा हंडे. आणि तोवर पाळण्यांनी जरा दम धरावा." तिनं राणीसाहेबांकडे मिस्कीलपणे पाहिलं. "सुरुवात वाड्यापासून!"

राणीसाहेबांनी पदर तोंडाला लावला. राजे कानापर्यंत लाल झाले आणि पुन्हा हसू लागले. दुसऱ्याच दिवशी नव्या टाक्याची पहिली कुदळ त्यांनी स्वतः मारली. आणि साळूबाईला इनाम काय मिळालं? पखालीसकट वाड्याचा रेडा! तेव्हापासून तो आधी बाळंतिणींच्या दारी जाई, मग वाड्यावर. उशीर झाला तर राजे थांबत.