ठकीनं मोजलेले चक्रवाक

बाळांनो, सांगा पाहू, भरवसा कुणावर ठेवावा? आमच्या दुकानी एक जण पोत्यागणिक देवाची शपथ घ्यायचा. पोतं उघडलं की वर टपोरे हरभरे, खाली खडे! तेव्हापासून मी शपथ ऐकत नाही, मोजणाऱ्याचं तोंड बघतो. ठकीसारखं असावं ते.

ठकी म्हणजे धान्य मापणाऱ्या कोंडिबाची लेक. बापाची नजर गेली, तसं कामही गेलं. मग चिमुकली ठकी तळ्याकाठी लव्हाळी कापून विकायची, तेव्हा कुठे घरात भाकरी.

शरदातली सोनेरी सकाळ. आभाळातून केशरी केशरी चक्रवाक उतरू लागले, जणू झेंडूची फुलंच! त्यांच्यामागून एक नाजूक निळी परी लव्हाळ्यात टेकली.

"सोनुले, बर्फाच्या डोंगरांपलीकडून माझी बारा पाखरं निघाली. उन्हानं माझे डोळे दिपलेत, तूच मोज. सगळी पोचली असतील तर तुझी एक इच्छा पुरी. एकही कमी भरलं, तर नाही हं. नियम आहे."

"माझ्या बाबांची नजर!" ठकी पटकन म्हणाली. बापाच्या रीतीनं ती मोजू लागली. "लाभ, दोन, तीन..." शेवटी म्हणाली, "अकरा."

परीनं टाळी वाजवली. "एक लाभ, नि वर अकरा. झाले की बारा! दिली बाबांना नजर!"

ठकी थिजली. रुपेरी कांडी वर गेलीसुद्धा.

"थांब, परीताई! लाभ म्हणजेच एक गं. आम्ही मापारी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. पाखरं अकराच आहेत."

परी पांढरीफटक पडली. "अगं बाई! मग बारावं कुठंय?"

दोघी लव्हाळ्यात धावल्या. चिखलात, फाटक्या जाळ्यात मान अडकलेलं पाखरू! चोच उघडी, डोळे मिटलेले. ठकीनं विळा चालवला. दोरा तुटला. पाखरू निपचित. आणि एकदम फडफड, फडफड! केशरी पंख पसरून ते झेपावलं.

"नाव ठकी, आणि साधं ठकवता येईना तुला!" परी रडता रडता हसली. "आता भरले गं बारा."

लख्खकन उजेड झाला. निळे, रुपेरी कण पाण्यावर सांडले आणि परी दिसेनाशी झाली. तेवढ्यात झोपडीकडून हाक आली, "ठके! अगं, किती केशरी ही पाखरं!" कोंडिबा दारात उभा होता, डोळे विस्फारून.

ती गप्प बसली असती, तर एक जीव चिखलातच राहिला असता. तेव्हा बाळांनो, पाखरं मोजा नाहीतर ज्वारी मोजा, हिशोब तेवढा खरा ठेवा.