बरणीतलं आलेलुया

पाय पांघरुणात घ्या बघू. घेतले? मग ऐका.

समुद्राकाठी केळीची एक वाडी होती. त्या वाडीत राहायची आंजेलबाय. आवाज असा खणखणीत, की ईस्टरच्या सकाळी घरच्या प्रार्थनेत ती देवाच्या स्तुतीचं ‘आलेलुया’ गायली की विहिरीतलं कासव वर येऊन ऐकायचं. सगळी वाडी तिच्या ओटीवर जमायची. तिनं सुरुवात केल्याशिवाय कुणाला ईस्टर झाल्यासारखा वाटायचाच नाही, बरं का.

आता ईस्टरआधीच्या चाळीस उपासाच्या दिवसांत हा शब्द तोंडातून काढायचा नसतो. मग त्या वाडीतल्या बाया काय करायच्या, तर उपास सुरू होतात त्या राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी चिनीमातीच्या बरणीत तोंड घालून शेवटचं ‘आलेलुया’ म्हणायच्या. वर फडकं बांधायच्या आणि बरणी घरच्या आल्तारावर, म्हणजे देव्हाऱ्यावर, क्रुसाशेजारी ठेवायच्या. ईस्टरला फडकं सोडलं की शब्द परत तोंडात. लोणच्यासारखा मुरलेला!

आंजेलबाईनंही ठेवली बरणी. रोज संध्याकाळी ती आणि तिचा नवरा सांतान गुडघे टेकायचे. जपाची माळ व्हायची, प्रार्थना व्हायची. मटण बंद, गोडधोड बंद, बिचाऱ्या सांतानचा चहासुद्धा बिनसाखरेचा. पण ‘आमेन’ म्हटलं रे म्हटलं, की बाईचं दुसरंच सुरू. शेजारच्या रेमेदबाईच्या कोंबडीनं हिची मिरचीची रोपं टोचली होती ना! मग कोंबडी राहिली बाजूला. एकदा म्हणाली, “चोरटी मेली ती रेमेद!” मग म्हणाली, “भोपळतोंडी!” मग असं काही म्हणाली, की क्रुसापुढची मेणबत्ती फुर्रकन विझली. ते मी सांगणार नाही. अंहं, विचारूसुद्धा नका.

आणि बरणीचं फडकं होतं सैल. सगळं आत पडत गेलं.

ईस्टरच्या आदल्या सकाळी, लोणचं मुरलं का बघतात ना, तसं तिनं फडकं सोडलं. बरणी ओरडली, “चोरटी!” बाईनं ती हलवली. “भोपळतोंडी!” मग उलटी धरली, तर ते तिसरं बाहेर पडलं. सांतान तसाच परसात पळाला. शब्द घरभर फिरले आणि पुन्हा बरणीत जाऊन बसले. तिनं नुसतंच गाऊन बघितलं, तर तोंडातून निघालं, “आ… आ… आगलावी!”

उद्या सगळी वाडी येणार, आणि गायचं काय? रडूच कोसळलं तिला. मग तिनं गुडघे टेकले. ना माळ, ना मेणबत्ती. एवढंच म्हणाली, “देवा, मी आत काय भरून ठेवलं हे?” तेव्हा तिला कळलं, वरचं काढल्याशिवाय तळाचं मिळायचं नाही. आणि वरचं सगळं होतं रेमेदच्या नावाचं. मग काय, बरणी पदराखाली घेतली आणि निघाली.

बघते तर काय, रेमेदबाय आपल्या पायरीवर बसलेली. डोळे लाल, आणि मांडीवर बरणी!

कुणी काही बोलायच्या आत रेमेदची बरणी ओरडली, “कावळ्याच्या आवाजाची!” हिची ओरडली, “चोरटी!” मग दोन्ही बरण्या अशा जुंपल्या, अशा जुंपल्या, की कोंबडी भिऊन माडावर चढली. चुलीवरचा भात शिजला तरी भांडण चालूच. बायांना बोलायला काही उरलंच नाही.

शेवटी आंजेलबाय म्हणाली, “माफ कर गो बाय मला.”

रेमेद म्हणाली, “तू पण मला कर. कोंबडी चोरटीच आहे गो माझी. पण मी नाही!”

दोघी रडता रडता हसल्या. बरण्या गप्प झाल्या. मग तळातून हळूच काहीतरी वर यायला लागलं, “आ… ले…”

“अगो, उद्या! उद्या!” म्हणत दोघींनी घाईघाईनं फडकी बांधली. या वेळी घट्ट.

दुसऱ्या सकाळी दोघींनी एकाच ओटीवर बरण्या उघडल्या. असं गोड ‘आलेलुया’ कुणी ऐकलं नव्हतं. कासव विहीर सोडून ओटीवरच येऊन बसलं. तेवढ्यात कोंबडी पुन्हा मिरचीत शिरली. आंजेलबाय ओरडली, “चो…” सगळ्यांनी बरणीकडे बघितलं. “चोच भाजेल गो तुझी, सावकाश खा!”

मग सांतानला साखरेचा चहा मिळाला, आणि दोन्ही घरं सुखात राहिली.

आता तुमच्या बरणीत आज काय काय पडलंय? भावाला काय म्हणालास रे मघाशी? सांग त्याला माफ कर म्हणून. सांगितलंस? मग क्रुसाची खूण करा, फडकं घट्ट बांधा, आणि झोपा.