घाटाखालचा सत्कार

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी, ते मला विचारू नका. ज्याने मला सांगितली त्यालाही ठाऊक नव्हते. लहान असाल तर ऐका. मोठे असाल तर दोनदा ऐका.

एका घाटाच्या पायथ्याशी एक राज्य होते. तिथले तांबट तांब्याची भांडी घडवीत. त्यांचे हंडे आणि घागरी दूरवर नावाजलेल्या होत्या. घाटावरचे व्यापारी बैलांवर माल लादून खाली येत, तो विकत, आणि परतताना भांडी घेऊन जात. सगळ्या राज्याचे पोट त्यावर चाले.

राजा भला होता. व्यापारी आला की त्याला आनंद होई. त्याच्या वडिलांच्या काळी वर्षाला तीन-चार व्यापारी येत, आणि प्रत्येकाचा दरबारात सत्कार होई. फेटा, शाल, नारळ आणि गोडाचे जेवण. पुढे व्यापारी वाढले. राजाने रीत सोडली नाही, उलट वाढवली. सत्कार झाल्याशिवाय कोणत्याही व्यापाऱ्याने गोणीचे तोंड उघडायचे नाही, असा हुकूमच काढला.

मग हळूहळू बाजार ओस पडू लागला.

राजाला नवल वाटले. "घाटावर धूळ उठताना मी रोज पाहतो. बैलांच्या घंटा ऐकतो. मग ही माणसे जातात कुठे?"

प्रधान म्हणाला, "महाराज, आपली स्वागताची कमान लहान दिसते." कमान मोठी केली. सेनापती म्हणाला, "ढोल कमी पडतात." ढोल वाढवले. फेटे बांधणारे वाढले, भाषणे लिहिणारे नेमले. व्यापारी आणखी कमी झाले.

एके दिवशी एक म्हातारा तांबट दरबारात आला. हात काळे, आवाज मोठा. आयुष्यभर ठोकठोक ऐकून त्याचे कान बसले होते.

"महाराज, दसरा झाला की आमच्या आळीतली अकरा घरे नदीपलीकडच्या राज्यात जाणार. तेवढीच उरली आहेत. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा स्वतःच सांगावे, म्हणून आलो."

"का बाबा? इथे काय कमी आहे?"

"गिऱ्हाईक."

"ते का येत नाही?"

"मला काय विचारता? मी भांडी ठोकतो. जो येत नाही त्याला विचारा."

प्रधान तडकला. "म्हाताऱ्या, कोणाशी बोलतोस?"

राजाने हात वर केला. हा प्रश्न आजवर त्याने सगळ्यांना विचारला होता. फक्त व्यापाऱ्यांना विचारला नव्हता.

"चला बाबा," तो म्हणाला, "दोघे जाऊन विचारू."

दुसऱ्या दिवशी सकाळी राजा घोड्यावर आणि म्हातारा पायी, असे दोघे घाट चढले. अर्ध्या घाटात दोन वाटा फुटत. एक रुंद, सरळ राजधानीत उतरणारी. दुसरी अरुंद, दाट रानातून नदीकडे जाणारी. त्या रानात बिबटे होते.

थोड्या वेळाने लादलेले सहा बैल घेऊन एक माणूस खाली येताना दिसला. त्याने राजाचा घोडा ओळखला, आणि तडक बैल रानाच्या वाटेला घातले.

"थांब!" राजा ओरडला.

तो माणूस पळू लागला. राजाही घोड्यावरून उतरून मागे पळाला. म्हातारा दगडावर बसून पोट धरून हसत राहिला. शेवटी राजाने मागच्या बैलाचा कासरा पकडला.

तो तांबोळी होता. बैलांवर विड्याच्या पानांच्या टोपल्या होत्या. त्याने हातच जोडले.

"महाराज, पाया पडतो. सत्कार नको!"

"अरे, सत्काराला कोण भितो?"

"ज्याचा एकदा झाला, तो भितो. पहिल्या दिवशी माझे नाव लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी आजोबांचे विचारले, भाषणात घालायला. तिसऱ्या दिवशी ढोलवाल्यांचा मुहूर्त नव्हता. चौथ्या दिवशी प्रधानजींना पडसे झाले. सहाव्या दिवशी सत्कार झाला. तोवर माझी सगळी पाने सडली. शाल चांगली होती, खोटे कशाला बोलू? थंडीत बैलाला घालतो."

"मग तेव्हाच का बोलला नाहीस?"

"गळ्यात हार असताना माणूस काय बोलणार?"

राजाने रानाकडे पाहिले. "पण इथे बिबटे आहेत."

"आहेत. पण बिबट्या भाषण करत नाही."

राजा म्हाताऱ्याशेजारी दगडावर बसला.  मग तांबोळ्याला म्हणाला, "तुला काय हवे ते सांग."

"बैलांना पाणी. खरा तराजू. आणि सकाळी आलो तर संध्याकाळी जाऊ द्या."

"एवढेच?"

"एवढे मिळते म्हणून नदीपलीकडे जातो. नाहीतर तिथली भांडी पातळ. दोन वर्षांत भोक पडते."

म्हातारा खुलला. "पडणारच. ठोके कमी देतात."

"दसऱ्याआधी ये," राजा म्हणाला. "कोणी अडवणार नाही."

"तुम्ही समोर येणार नाही ना?"

"नाही."

"आणि प्रधानजी?"

"तेही नाहीत."

"बघा हं. शब्द दिला आहे तुम्ही."

राजाने परत जाऊन हुकूम रद्द केला. प्रधान म्हणाला, "लोक म्हणतील, राजाला रीतभात राहिली नाही." राजा म्हणाला, "म्हणू देत." ढोलवाल्यांना आणि फेटेवाल्यांना त्याने बैलांसाठी हौद खणायला लावले. ते कुरकुरले, पण हौद झाला. बाजारातले तराजू राजाने स्वतः तपासले. दोन खोटे निघाले. ते मोडून टाकले.

दसऱ्याला दोन दिवस उरले. तांबटांच्या गाड्या भरून उभ्या होत्या. एक घर तर निघूनही गेले होते. त्या सकाळी तांबोळी रुंद वाटेने खाली उतरला, इकडे तिकडे बघत, दबकत.

राजाने वाड्याच्या खिडकीतून त्याला पाहिले. त्याचे पाय जिन्याकडे वळले.

"नुसते कसा आहेस, एवढे विचारून येतो."

राणी म्हणाली, "शब्द दिला आहे ना? बसा खाली."

राजा बसला.

बैल पाणी प्याले. दुपारपर्यंत पाने खपली. मग तांबोळी तांबटांच्या गाड्यांपाशी गेला. हंडे उलटे करून पाहिले, बोटाने वाजवून पाहिले. म्हाताऱ्याशी भांडला. दोनदा रागाने उठला, दोनदा परत बसला. दिवस मावळायच्या आत सहाही बैल भांड्यांनी लादून तो घाट चढू लागला. वर जाऊन त्याने काय सांगितले कोण जाणे. दुसऱ्या दिवशी रुंद वाटेने तिघे आले, आणि दसऱ्याला नऊ.

दहा घरांनी गाड्यांचे बैल सोडले. जे घर गेले होते, ते मात्र परत आले नाही.

राजाने म्हाताऱ्याला बोलावले. "बाबा, तो तांबोळी माझ्याबद्दल काय म्हणाला?"

"काही नाही."

"नावसुद्धा काढले नाही?"

"नाही, महाराज. त्याला घाई होती."

 राजा मोठ्याने हसला, आणि म्हणाला, "मग ठीक चालले आहे."

तात्पर्य: राज्याची भरभराट व्हावी असे वाटत असेल, तर उद्योग करणाऱ्याला हार घालू नये, त्याची वाट मोकळी करावी.