पोटू आणि पटकी

काही वर्षांपूर्वी छोट्या रेवाच्या पोटात पोटू नावाचा एक जंतू राहत असे. त्याने कधी कुणाचं वाईट केलं नव्हतं. एके दिवशी तो तिच्या पोटातून गावातल्या गटारात गेला. पुढे ते गटार फुटलं आणि मैल्याबरोबर पोटू आपल्या गोतावळ्यासह पिण्याच्या विहिरीत येऊन पडला.

तिथे त्याला पटकी भेटली. माणसांना जुलाब लावून मारणारी ती.

"पोटूदादा, लपून राहा," ती कुजबुजली. "आम्ही मोजक्याच, सहज सापडायच्या नाही. तुमचा गोतावळा मोठा. तुम्ही दिसलात की पाण्यात मैला आलाय हे माणसं ओळखतील. मग विहिरीत औषध टाकतील, आपलं सगळ्यांचंच मरण!"

पोटू हादरला. इतक्यात पाणी तपासणाऱ्या बाईंची बाटली दोरीने खाली आली. सगळे शेवाळात दडले. तेवढ्यात वरून रेवाच्या आईचा, सरपंचबाईंचा आवाज आला, "रेवा उद्या आजोळहून येतेय. तिच्यासाठी कळशी भरून ठेवते."

पोटू शेवाळातून बाहेर आला. "चला रे बाटलीत!" असं ओरडून तो आत शिरला.

प्रयोगशाळेतल्या उबदार ताटलीत एकाचे हजार झाले. दुसऱ्या दिवशी बाईंनी ताटलीभर उमटलेले ठिपके पाहिले आणि घाईघाईने फोन लावला.

"सरपंचबाई, विहीर बंद करा! पाण्यात मैला आहे. रेवाला पाजलं नाही ना?"

पोटू श्वास रोखून ऐकत राहिला.

"नाही हो, आत्ताच दारात आलीय. कळशी ओतून देते. तहानेने रडतेय, पण पाणी उकळेपर्यंत रडू दे."

ते रडणं पोटूच्या ओळखीचं होतं. त्याचा जीव भांड्यात पडला. मग बाईंनी ताटली उचलली आणि उकळत्या पाण्यात टाकली.